बाबांच्या डाव्या बाजूला

त्या काळी कॉलेजचे अर्ज हाताने लिहीत. छापील अर्ज एकाला एकच मिळायचा आणि त्यावर शाईचा डाग पडला की सगळं मुसळ केरात. म्हणून भिंगरीने निबंध आधी वहीत तीनदा लिहिला, मग श्वास धरून अर्जावर उतरवला. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. पण त्या दोन पानांसाठी ती चार संध्याकाळी खुर्चीला चिकटून बसली होती.

विषय अर्जावरच छापलेला होता: ‘आपल्या घरातल्या माणसांबद्दल लिहून स्वतःची ओळख करून द्या.’ वर्गातल्या मुलींनी आधी काय लिहिलं असेल ते सांगायलाच नको. वडील कष्टाळू, आई प्रेमळ, मी होतकरू. भाषेच्या बाईंनी सगळे कागद परत केले. “असल्या आया आणि असले वडील दुकानात डझनाने मिळतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्याच घरात आहे, शेजारच्या घरात नाही, असं काहीतरी लिहा. वाचणाऱ्याला दार उघडून आत घेतल्यासारखं वाटलं पाहिजे.”

भिंगरीने दार सताड उघडलं.

अर्ज शाळेच्या ऑफिसात देऊन ती दुपारी घरी आली, तेव्हा आई बाबांच्या कामाच्या शर्टाला इस्त्री करत होती आणि आत्या खिडकीशी बसून त्याच जोडीतल्या दुसऱ्या शर्टाला बटण लावत होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहत होती, आणि तिच्या जिभेला सुट्टीचा दिवस नव्हता.

“वाच की,” आत्या म्हणाली. “कॉलेजातल्या लोकांना आमची ओळख करून दिलीस, आमची आम्हाला पण दे.”

भिंगरीने वही काढली आणि उभं राहून वाचलं.

“आमच्या घरात सगळे जण बाबांच्या डाव्या बाजूला असतात. जेवायच्या टेबलाशी त्यांच्या उजवीकडची खुर्ची रिकामी असते. रस्त्यात बाबा वळले, की आई, आत्या आणि मी न बोलता त्यांच्या पाठीमागून पलीकडे जातो. पाहुण्यांना कळत नाही, ही माणसं सारखी जागा का बदलतात. मी आठ वर्षांची असताना बाबांचा उजवा कान आजारपणात गेला. तेव्हा माझी काही चूक झाली, की मी त्यांच्या मांडीवर बसायची आणि ती त्या कानात सांगायची. सांगितल्याचं समाधान मिळायचं आणि बोलणीही बसायची नाहीत. मी कोण, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, मी डाव्या बाजूची मुलगी आहे.”

“अस्सं!” आत्या हसायला लागली. “म्हणजे माझा चष्मा कुणी मोडला ते त्या कानाला माहीत आहे तर!”

आई हसली नाही. तिने इस्त्री उभी करून ठेवली. “हे कुठे दिलंस?”

“शाळेत. आज सगळी पाकिटं जाणार.”

“कुठे जाणार?”

“गोदीच्या कल्याण कचेरीत. गोदीतल्या कामगारांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत ना, मग आधी तिथले साहेब वाचतात आणि...”

वाक्य पुरं होता होता तिचं तिलाच ऐकू आलं.

बाबा गोदीत क्रेन चालवत. जहाजातल्या पेट्या उचलून धक्क्यावर ठेवायच्या. क्रेनची केबिन आठ मजले उंच, आणि खाली तोंडात शिट्टी धरून एक माणूस उभा. पेटी धक्क्यावर कुठे टेकते ते वरून दिसत नाही, म्हणून शिट्टीवर चालायचं. लांब शिट्टी म्हणजे आहे तिथे थांब. क्रेनवाल्याचे दोन्ही कान शाबूत हवेत असा नियम होता, आणि दरवर्षी तपासणीही होती. पण गोदीचा म्हातारा डॉक्टर डाव्या कानामागे पाच आकडे पुटपुटायचा आणि उजव्या कानामागे तेच पाच, त्याच क्रमाने. बाबा नऊ वर्षं पास होत होते.

घरात ही गोष्ट कुणी बोलायची नाही असं कधी ठरलंच नव्हतं. सुरुवातीला ते गुपित असेल. नऊ वर्षांत त्याची सवय झाली, आणि गुपित जपतात तशी सवय कोण जपतं? भिंगरीला लिहिताना एवढंच वाटलं होतं, की असं दुसऱ्या कुणाच्या घरात नाही.

“हात दाखवून अवलक्षण!” आत्याच्या हातातलं बटण घरंगळत पलंगाखाली गेलं. “अगं कार्टे, बापाचं पोट आहे त्या कानावर!”

आईने चपला पायात सरकवल्या होत्या. मायलेकी जवळजवळ धावतच शाळेत पोचल्या. ऑफिसात कारकून एकटाच होता, टेबल आवरत. त्याने जावक रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. ‘अर्ज अकरा, कल्याण कचेरी, हस्ते शिपाई.’

“गेले की. तासभर झाला. काही राहिलं का?”

“नाही,” आई म्हणाली. “एक खाडाखोड करायची राहिली होती.”

“खाडाखोड राहिली तर बरंच झालं, बाई!” कारकून स्वतःच्या विनोदावर हसला आणि रजिस्टर मिटलं.

परत येताना भिंगरी म्हणाली, “मी बाबांना सांगते.”

“अजिबात नाही.” आई रस्त्यातच थांबली. “त्यांच्या डोक्यात हे शिरलं आणि वर बसून हात थरथरला, तर खाली माणूस उभा असतो.”

खालच्या माणसाचा विचार भिंगरीच्या मनात तोवर आला नव्हता. त्या दिवसापासून तो जाईना. ती त्याला ओळखत होती. लांब मानेचा, सतत आभाळात काही वाचत असल्यासारखा वर बघणारा माणूस. गोदीच्या चाळींच्या मागच्या ओळीत राहायचा, बाजारात दिसला की “काय, मोठ्या झालात की,” म्हणायचा. आता वर्गात बसलं तरी तिला त्याची मान दिसे आणि त्या मानेवर हळूहळू उतरणारी पेटी.

एकोणीस दिवस गेले. संध्याकाळी जिन्यावर बाबांचे बूट वाजले, की तिघींचे हात थांबायचे. बूट नेहमीसारखे पडताहेत की जड, यावर तिघी कान लावून. बाबा दारात येत, टोपी खुंटीला अडकवत आणि म्हणत, “काय हो, आज कुणाचं भांडण झालंय का? एवढी शांतता?”

“तुमच्या घरात शांततेला जागा कुठाय?” आत्या म्हणायची, पण तिचा आवाज पोकळ यायचा.

विसाव्या दिवशी बाबाच पाकीट घेऊन आले.

“मुलाखत! आपल्या दोघांना बोलावलंय, भिंगरे. मोठ्या साहेबांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, मुलगी फार छान लिहिते.” ते खुशीत होते. “काय लिहिलंस गं एवढं?”

“घराबद्दल.”

“माझ्याबद्दल काही बरं लिहिलंस की नाही?”

“हो,” भिंगरी म्हणाली.

मुलाखत कल्याण कचेरीतच होती. लांब खोली, लांब टेबल, टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या. पलीकडे तिघं: एका टोकाला मोठे साहेब, मध्ये कॉलेजच्या प्राध्यापक बाई आणि दुसऱ्या टोकाला जाड रजिस्टर घेतलेला कारकून. भिंगरी विचार न करता बाबांच्या डाव्या खुर्चीत बसली. बसल्यावर तिला दिसलं, की प्राध्यापक बाई तिच्या खुर्चीकडे बघत होत्या, मग बाबांकडे, मग पुन्हा खुर्चीकडे.

साहेब बाबांच्या उजवीकडच्या टोकाला होते. कागद चाळता चाळता, मान वर न करता ते म्हणाले, “किती वर्षं झाली क्रेनवर?”

बाबा समोरच्या बाईंकडे बघून हसले. ते हसू भिंगरीला पाठ होतं. ऐकू आलं नाही की बाबा असं हसायचे, सगळ्यांनाच पुरेल असं.

“एकवीस,” ती घाईने म्हणाली.

“मी त्यांना विचारलं.” साहेबांनी मान वर केली. पंखा घरघरत होता आणि ते हलक्या आवाजात बोलत होते. “हे बघ मुली. तुझा निबंध मी तीनदा वाचला. बाईंना या जागेसाठी तूच हवी आहेस. पण अर्जाच्या शेवटी तू सही केली आहेस, की वर लिहिलेलं सगळं खरं आहे. आणि मी या गोदीचा अधिकारी आहे. खरं असेल तर मला काय करावं लागेल ते तुला कळतं. खोटं असेल तर खोटा अर्ज म्हणून तुझं नाव कापावं लागेल. तिसरा रस्ता मला सापडला नाही. तूच सांग. खरं आहे का?”

भिंगरीला टेबलावरची आपली दोन पानं दिसत होती. डाग नाही, खाडाखोड नाही.

“नाही,” ती म्हणाली. “मी रचलंय. छान वाटावं म्हणून.”

कारकुनाने टाक उचलला.

“काय रचलंय?” बाबांनी विचारलं. हे त्यांना ऐकू आलं होतं; ती डावीकडेच होती. “काय विचारलं त्यांनी?”

तिची नजर टेबलावरच्या पानांकडे गेली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. “साहेब, ती पानं जरा बघू द्या.”

ते सावकाश वाचणारे होते. ओठ हलवत वाचायचे. दोन पानं संपायला किती वेळ लागला कोण जाणे. भिंगरीला वाटलं, आपण इथेच म्हातारी होणार. शेवटी त्यांनी पानं जुळवून टेबलावर ठेवली, कडा सारख्या केल्या.

“खरं आहे,” ते म्हणाले. “शब्दन् शब्द.”

“बाबा!”

“थांब गं.” ते साहेबांकडे पूर्ण वळले, डावा कान पुढे करून. “दीड महिन्यापूर्वी, साहेब, जोराचा वारा होता. शिट्टी झाली ती मला उशिरा कळली. पेटी थांबली तेव्हा, बघणारे सांगतात, खालच्याच्या टोपीत आणि पेटीत एवढं अंतर होतं.” त्यांनी टेबलावर वीत ठेवून दाखवली, मग त्यातलं अर्धं कमी केलं. “तो हसला. खालून मला हात केला. त्याला वाटलं, मी गंमत केली. तेव्हापासून मला झोप नाही. रोज शिडी चढताना ती टोपी डोळ्यांपुढे येते. सांगायचं होतं. पण घरात चार तोंडं, आणि मला दुसरं काही येत नाही. रोज म्हणायचं, उद्या सांगू.” त्यांनी घाम पुसला. “हिला खोटं ठरवू नका. ही माझ्यासाठी खोटं बोलली.”

कारकुनाने टाक खाली ठेवला. साहेब म्हणाले, “उद्यापासून वर चढायचं नाही. बाहेरच्या डॉक्टरकडे तपासणी होईल. खाली काही काम देता येतं का बघू. मी वचन देत नाही.” मग भिंगरीकडे वळून, “तुझं पत्राने कळवू. तू इथे बसून खोटं बोललीस, तेही लिहावं लागेल.”

“लिहा,” प्राध्यापक बाई म्हणाल्या. “ती का बोलली तेही लिहा.”

ते घरी पोचले तेव्हा आई जिन्याच्या पायरीवरच बसली होती. बाबांनी सांगितलं. आत्याने कपाळाला हात लावला. “काढलं म्हण ना सरळ!”

“काढलं नाही अजून, ताई.”

“मग कुठे ठेवलंय?”

“जमिनीवर,” बाबा म्हणाले.

आईने त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि ती घेऊन आत गेली.

चौथ्या दिवशी भर दुपारी गोदीचा भोंगा झाला. कामाची पाळी बदलायची वेळ नव्हती. अवेळी भोंगा म्हणजे धक्क्यावर काहीतरी झालं होतं. आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती धावत दारात जाऊन उभी राहिली, रस्त्याच्या टोकाकडे बघत. असा भोंगा झाला की भिंगरीने आईला असं दारात किती वेळा पाहिलं होतं! दरवेळी आई बाबांचीच वाट बघत असे.

“अहो...” म्हणत आई मागे वळली आणि थबकली.

बाबा आतल्या खोलीत झोपले होते. पहिल्यांदाच डाव्या कुशीवर, चांगला कान उशीत खुपसून, तोंड उघडं. भोंगा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. दीड महिन्याची झोप ते एका दमात वसूल करत होते.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले. हसते की रडते, भिंगरीला कळेना.

“उठवू का त्याला?” आत्याने विचारलं.

“नको.” आईने पदराने तोंड पुसलं. भोंगा अजून चालूच होता. तिने चपला पायात सरकवल्या.

“आता तू कुठे निघालीस?”

“मागच्या ओळीत,” आई म्हणाली. “शिट्टीवाल्याची बायको दारात उभी असेल. एकटीच.”

भिंगरीही तिच्यामागून निघाली.