रम्पाताईनं न घेतलेलं ताट

विरोतसाहेबांच्या पोरानं माझ्या भाचीला, म्हणजे रम्पाताईच्या लेकीला, गाडीखाली घातलं तेव्हा तो दारू प्यायलेला होता. फाइलिन जागच्या जागी गेली. त्यानंतर त्या पोराची, पुरिनची, म्हणे झोप उडाली, घास उतरेना, आणि एकदा तर तो रेल्वेच्या रुळावर मान ठेवून पडलेला सापडला. पैसेवाल्यांच्या पोराचं मन दुखलं की त्यावरही ऑपरेशन असतं. बापानं बँकॉकला नेऊन त्याच्या मेंदूत दुःख बंद करणारी तार बसवून आणली. छातीत कातडीखाली बॅटरी, आणि आईच्या पर्समध्ये रिमोट.

मग तो आमच्याकडे क्षमा मागायला आला. फुलं, मेणबत्त्या आणि उदबत्त्यांचं ताट घेऊन गुडघ्यांवर बसला. ज्याचं माणूस गेलं त्यानं ताट हातात घेतलं की क्षमा झाली, आणि तशी ती झाली तर तुरुंग टळेल असं न्यायाधीशांनी सांगून ठेवलं होतं. पुरिननं वाकून नमस्कार केला आणि आमच्या मांजरीकडे बघून हसला. अगदी गोड हसला. रम्पाताईनं ताटाला हात लावला नाही.

"हा कोण आणलाय?" ती त्याच्या आईबापांना म्हणाली. "माझ्या पोरीला मारलं तो कुठाय?"

कोर्टातही तिनं हेच धरून ठेवलं. आधी यंत्र बंद करा, मग ताटाचं बघू. डॉक्टर म्हणाले, चालू उपचार असा तोडता येत नाही, रुग्णाचे हाल होतील. न्यायाधीशांनी सरळ पुरिनलाच विचारलं.

"ह्या बाई ताट घेईपर्यंत यंत्र बंद राहील. एकदा हो म्हणालास की मागे फिरता येणार नाही. चालेल?"

"चालेल की साहेब," पुरिन म्हणाला. "मला काय फरक पडतोय!"

खरंच पडत नव्हता, कारण यंत्र तेव्हा चालू होतं. होकार देणारा एक आणि भोगणारा दुसराच. डॉक्टर हे सांगायला उठले, तर त्यांना खाली बसवलं. मला तर हसू आवरेना. बरं झालं मेल्याचं, असंच वाटलं मला.

ताईची विहाराबाहेर चिकट भाताची गाडी आहे. आता दर उपोसथाला, म्हणजे अष्टमी-पौर्णिमा-अमावास्येला, पुरिन तिथे येतो. गिऱ्हाइकांच्या पायांत गुडघे टेकतो, ताट वर धरतो, फुलं सांडतात. फाइलिनचं नाव घेऊन असा रडतो की नवी गिऱ्हाइकं त्यालाच तिचा भाऊ समजतात. ताई केळीच्या पानात भात बांधत राहते. त्याचं रडून झालं की म्हणते, "पुढच्या उपोसथाला ये."

आणि ताई सुधारली! पोटभर जेवायला लागली, केस रंगवले, उपोसथाच्या सकाळी धुतलेला ब्लाउज घालायला लागली. मला तिची भीती वाटायला लागली.

एकदा विरोतसाहेब आले. "बाई, तुमचंही दुःख कमी करता येईल," ते हळूच म्हणाले. "त्याच हॉस्पिटलात. खर्च माझा."

"आणि मग मी हसत हसत ताट घेईन, होय ना?" ताई म्हणाली. "तुमचं यंत्रच क्षमा मागणार, आणि तुमचं यंत्रच क्षमा करणार. आम्ही कशाला हवेत मधे?"

ह्या उपोसथाला पुरिन चालत आला नाही. आईनं काखेत धरून आणला. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. ती बाई आपले रेशमी कपडे चिखलात टेकून ताईच्या पाया पडली.

"कितीतरी दिवस झाले, जेवत नाही हो माझा मुलगा."

"माझीपण जेवत नाही," ताई म्हणाली.

मग मात्र मला राहवलं नाही. "ताई, बास झालं गं. घे ते ताट. मरेल पोरगं."

ताईनं हात पुसले आणि माझ्याकडे वळली. "घेतलं की लगेच बटण दाबतील, आणि हा विसरेल. फाइलिनचा बाप दुसरी करून मोकळा झाला. तू महिनाभर रडलीस आणि थांबलीस. तिच्यासाठी माझ्याएवढं रडणारा हाच एक उरलाय. तोही देऊन टाकू?"

पुरिनची आई पर्स घट्ट धरून नुसती बघत होती.

ताई खाली बसली. तिनं एक पान सोडलं, भाताचा घास मोडला आणि पुरिनच्या तोंडाशी धरला. त्यानं मान फिरवली, तशी तिनं त्याची हनुवटी धरून परत वळवली.

"खा बाळा," ती मायेनं म्हणाली. "पुढच्या उपोसथाला यायचंय ना?"

त्यानं तोंड उघडलं.