बाबांचा आवाज बाहेर गेला तेव्हा

मी रुचिराचा हेडफोन बोलतोय. खरं म्हणजे स्वतःचं असं काही बोलणं माझं काम नाही. एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याला पोचवायचं, एवढंच मला येतं. पण एक गोष्ट माझ्याकडून अशी पोचली, की तिची लाज अजून जात नाही. म्हणून आज सांगून टाकतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते जबलपूर, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातलं एक दुकान आणि काचेच्या कपाटातला माझा खोका. रुचिरा आणि तिचे बाबा स्कूटरवरून आले. रुचिराला घरून काम करायची नोकरी लागली होती. कंपनीचं ऑफिस इंदूरला, आणि ही इथे राइट टाउनमधल्या घरात बसून दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणार. त्यासाठी चांगला हेडफोन हवा होता.

दुकानदाराने मला खोक्यातून काढलं. रुचिराच्या आधी बाबांनीच मला डोक्यावर चढवलं.

"भैया, ये तो बहुत हलका है," ते दुकानदाराला म्हणाले. मग रुचिराकडे वळून म्हणाले, "घे बेटा, हाच घे. कान दुखून नाही राहिले याच्यानं."

त्यांचं नाव चिंतामणी. संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते, तिथूनच निवृत्त झाले. आजोबा नोकरीसाठी नागपूरकडून इथे आले, तेव्हापासून हे घर जबलपूरचंच. बाहेर सगळा कारभार हिंदीत. पण उंबरा ओलांडून आत आलं की मराठी, असा बाबांचा नियम होता. रुचिरा लहान असताना नागपूरहून येणारं मराठी वर्तमानपत्र ते तिला मोठ्याने वाचून दाखवत. तिच्या मैत्रिणींना मराठी समजायची, पण बोलताना त्या अडखळायच्या. रुचिरा घडाघडा बोलायची. बाबांना त्याचा फार अभिमान होता.

आई, म्हणजे विनताताई, सिहोऱ्याच्या शाळेत शिकवतात. सकाळच्या बसने जातात, दिवे लागायच्या सुमाराला येतात. दिवसभर घरात बाप-लेक दोघंच. ती खोलीत माझ्याबरोबर आणि बाबा स्वयंपाकघरात. निवृत्तीनंतर ते पोळ्या करायला शिकले होते.

मागच्या वर्षी 'नवखंड' नावाच्या एका नव्या खेळाची बातमी आली. तो अजून सुरू व्हायचा होता. त्यात म्हणे हजारो माणसं एकाच वेळी एकाच दुनियेत उतरणार होती. कोणी योद्धा, कोणी व्यापारी, कोणी वैद्य. एकट्याने काही जमायचं नाही, टोळी करूनच पुढे जायचं. खेळ सुरू व्हायला आठ महिने होते, पण वाट पाहणाऱ्यांच्या टोळ्या आधीच जमायला लागल्या. त्यातली एक टोळी मराठी होती. पुण्याच्या प्रथमेशने ती जमवली होती. नाशिकची अपूर्वा होती, ठाण्याचा अंकुर होता, आणखी चारपाच जण होते. नियम एकच, टोळीत मराठीच बोलायचं.

रुचिरा किती खूश झाली! दर शनिवारी दुपारी दोन वाजता सगळे बोलायला जमत. खेळाचे नकाशे बघत, कोण काय होणार ते ठरवत. रुचिराने वैद्य व्हायचं ठरवलं. "लढणारे पुष्कळ असतात गं, जखमा बांधणारी एक तरी पाहिजे," असं अपूर्वा तिला म्हणाली होती.

दुसऱ्याच शनिवारी वर्ध्याचा गौतम म्हणून एक नवा मुलगा आला. "मी तं कवापासून वाट पाहून राहिलो या गेमची," तो म्हणाला. अंकुरने त्याचं वाक्य जसंच्या तसं, हेल काढून म्हणून दाखवलं. सगळे हसले. गौतमही थोडासा हसला. पुढच्या शनिवारी तो आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही.

त्या दिवशी रुचिराही हसली होती. ते हसू माझ्याच माइकमधून गेलं, म्हणून मला नक्की माहीत आहे.

मग अपूर्वाने विचारलं, "रुचिरा, तू कुठली गं?"

ती म्हणाली, "मी... पुण्याची. नोकरीसाठी जबलपूरला असते. खोली घेऊन एकटीच राहते."

त्या दिवसापासून तिने एक नवाच उद्योग सुरू केला. कामातून सवड मिळाली की मला डोक्यावर घालायची, मराठी मालिका लावायची आणि एकेक वाक्य पाठोपाठ म्हणायची. "करून राहिली" नाही, "करतेय". "काहून" नाही, "का". "मी गेली" नाही, "मी गेले". स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून परत ऐकायची, चुकलं की कपाळाला हात लावायची. बाबांनी शिकवलेली भाषा ती अशी एकेक शब्दाने खरवडून काढत होती, आणि ते ऐकायला घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

माझ्या डाव्या कानाच्या वाटीवर एक लहानसं बटण आहे. ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि माइक बंद होतो. दोन-तीन वर्षांच्या वापराने ते ढिलं झालं होतं. कधीकधी दिवा लागायचा, पण आवाज जायचा तसाच जात राहायचा. हे मला कळत होतं. रुचिराला कळत नव्हतं.

खेळ सुरू व्हायला एक महिना उरला होता. शनिवार होता. बोलण्याच्या नादात रुचिरा जेवायचंच विसरली. बाबा दार लोटून आत आले. त्यांच्या हातात ताट होतं.

"रुचिरा, काहून जेवली नाही तू? चार वाजले. पोळ्या थंड्या होऊन राहिल्या ना!"

तिने झटकन बटण दाबलं. लाल दिवा लागला. आणि आवाज गेला.

पलीकडे हशा उसळला. "अगं, कोण आहे हे?" अपूर्वाने विचारलं. "भारीच बोलतात! परत बोलायला सांग ना," अंकुर म्हणाला आणि "होऊन राहिल्या, होऊन राहिल्या" असं दोनदा म्हणाला.

रुचिराचे कान तापले. ते मला जाणवलं. ती बटणाकडे बघत राहिली. मग माइक तोंडाजवळ ओढून म्हणाली, "ते ना... कामवाले काका आहेत. स्वयंपाकाला येतात."

बाबा दारातच उभे होते. ताट त्यांच्या हातात तसंच होतं. मराठी वाक्य, तेही आपल्या मुलीचं, त्यांना दोनदा ऐकावं लागलं नाही. त्यांनी ताट टेबलाच्या कडेला ठेवलं, पाण्याचा पेला नीट सरकवून दिला आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

रुचिरा त्या दिवशी जेवली नाही. पण टोळीशी आणखी अर्धा तास बोलत राहिली, नकाशातल्या एका नदीबद्दल.

संध्याकाळी मी खुर्चीच्या हाताला लटकत होतो. दार उघडं होतं. बाबांनी बाहेरून हाक मारली, "बेटा, खाना लग गया है."

बसच्या प्रवासाने दमलेल्या विनताताई हसल्या. "काय हो, आज लेकीशी हिंदी?"

"असंच," बाबा म्हणाले. "तिच्या कामात हिंदीच लागते. सवय असलेली बरी."

विनताताईंशी ते पूर्वीसारखेच बोलत राहिले. फक्त रुचिराशी हिंदी. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. रागावून नव्हे, अगदी मऊ आवाजात. "बेटा, चाय लोगी?" "बेटा, पंखा बंद कर दूँ?" रुचिरा मराठीतून उत्तर द्यायची, आणि पुढचं वाक्य पुन्हा हिंदीत यायचं.

आठवड्याभराने ती मला हातात घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. तिला माफी मागायची होती. खोलीत तिने चार वेळा वाक्य जुळवलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"बाबा, त्या दिवशी ना, याचं बटण खराब होतं. म्हणून..."



"दे, देखता हूँ," बाबा म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, बारीक पेचकस काढला आणि मला खिडकीजवळ उजेडात नेलं. चाळीस वर्षं लोखंडाशी काम केलेली बोटं, पण माझी वाटी त्यांनी इतक्या हलक्या हाताने उघडली की मला कळलंही नाही. आत पत्र्याची एक पातळ पट्टी वाकली होती. ती त्यांनी सरळ केली, साचलेली धूळ फुंकली आणि स्क्रू परत बसवले. मग मला फोनला जोडून बटण दाबत, सोडत, "हॅलो, हॅलो" म्हणत पाच-सहा वेळा तपासलं.

"अब आवाज़ नहीं जाएगी," ते रुचिराला म्हणाले. "मेरी भी नहीं."

त्या क्षणी मला आनंद झाला होता. कित्येक दिवसांनी अंग दुरुस्त झालं म्हणून. त्या घरात झालेल्या सगळ्या गोष्टींमध्ये मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या आनंदाची.

रुचिराने मला घेतलं, खोलीत आली आणि पलंगावर बसून राहिली. संगणकाच्या पडद्यावर 'नवखंड'चे दिवस उलटे मोजले जात होते. बावीस. मग पंधरा. मग सहा. टोळीतले सगळे उतावीळ झाले होते. रुचिरा आता कमी बोलायची. प्रथमेशने एकदा विचारलंही, "काय गं, उत्साह संपला का तुझा?" ती म्हणाली, "नाही रे, काम फार आहे."

शेवटी तो दिवस आला. शनिवार, दुपारचे तीन. रुचिराने रजा घेतली होती. टोळी दोन वाजल्यापासूनच जमली होती. तीन वाजता खेळाचं दार उघडलं, पण आत जाणाऱ्यांची गर्दी इतकी की पडद्यावर पाटी आली, तुमच्या पुढे एकतीस हजार जण आहेत. कोणी ओरडलं, कोणी हसलं. आठ महिने थांबलो, आणखी तासभर थांबू, असं म्हणून सगळे गप्पा मारत बसले. आकडा हळूहळू उतरत होता.

तो चार हजारांवर आला तेव्हा दार वाजलं. बाबा चहाचा कप घेऊन आले होते. रुचिराने सवयीने बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि या वेळी माइक खरोखरच बंद झाला. पण तिचा हात वाटीवरच राहिला, त्यामुळे दिवा त्यांना दिसला नाही. त्यांना वाटलं, पलीकडे सगळे ऐकत आहेत. ते दारातच थांबले, मान थोडी खाली घातली आणि म्हणाले,

"दीदी, चाय रख दूँ?"

टोमणा नव्हता तो. मी पुष्कळ आवाज पोचवले आहेत, टोमण्याचा आवाज मला ओळखता येतो. मुलीचा मोठा दिवस आहे, तिचं खोटं उघडं पडू नये, म्हणून ते मनापासून तिला सांभाळून घेत होते.

 रुचिराने माझं बटण पुन्हा दाबलं. दिवा विझला.

"ऐका सगळे," ती म्हणाली.  "हे माझे बाबा आहेत. मागे मी कामवाले काका म्हटलं ना, ते हेच. मी खोटं बोलली. मी पुण्याची नाही, जबलपूरची आहे. आमच्या घरी असंच बोलतात. मीही असंच बोलते. इतके दिवस मी तुमच्यासारखं बोलायची प्रॅक्टिस करून राहिली होती."

 अपूर्वा म्हणाली, "अगं रुचिरा..." आणि थांबली. अंकुरने घसा खाकरला.

रुचिराने वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. कप टेबलाच्या कडेला होता.

तिने मला काढून टेबलावर ठेवलं आणि ती धावत स्वयंपाकघरात गेली. माइक चालू होता, दार सताड उघडं होतं. त्या दोघांचं बोलणं मला ऐकू आलं, आणि माझ्यातून टोळीलाही.

"बाबा, मला मारा. पण माझ्याशी हिंदीत नका ना बोलू."

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"मारू काहून?" बाबा म्हणाले. महिन्याभराने ते तिच्याशी मराठीत बोलत होते. "मला राग नाही आला बेटा. लाज वाटली. ती पोरं हसली ना, तं मला वाटलं, इतकी वर्षं आपण घरात मराठी म्हणून जपून राहिलो, ती मराठी नव्हतीच का? मी तुला चुकीचंच शिकवलं का?"

"नाही बाबा."

"मग तू काहून लपवलं?"

 रुचिराचं रडणं मला ऐकू आलं.

पडद्यावर तिची पाळी आली. आत या, असं लिहिलेला एक चौकोन चमकत राहिला. दाबायला कोणी नव्हतं. थोड्या वेळाने तो गेला आणि तिचा क्रमांक पुन्हा रांगेच्या शेवटी गेला. टोळीतले बाकीचेही तोवर आत शिरले नव्हते, ते मला कळत होतं. एकाच्याही बाजूने कळ दाबल्याचा आवाज आला नाही.

मग अंकुर हलकेच म्हणाला, "प्रथमेश, त्या गौतमचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

"आहे बहुतेक."

"दे."

त्याने फोन केला का, आणि गौतम काय म्हणाला, मला ठाऊक नाही. गौतम टोळीत आलेला नाही.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. रुचिरा 'नवखंड'मध्ये वैद्य आहे आणि "थांब रे, मी येऊन राहिली" असं ओरडत जखमींकडे धावते. कोणी हसत नाही. बाबाही तिच्याशी मराठीत बोलतात. माझी उजवी गादी फाटली आहे, वायरवर दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. लवकरच माझ्या जागी नवा हेडफोन येईल, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

जाण्यापूर्वी रुचिराला एकच सांगायचं आहे. बाबा आता चहा घेऊन येतात तेव्हा बाहेरच थांबतात. आधी टकटक करतात, मग दाराच्या फटीतून लाल दिवा लागला आहे का ते बघतात, आणि तो लागलेला दिसला तरच आत येतात. तू पडद्याकडे बघत असतेस, तुला ते दिसत नाही. मला दिसतं. उद्या टकटक ऐकलीस, तर मला डोक्यावरून काढ, आणि दार तू जाऊन उघड.