तिसरा रविवार

चष्म्याच्या दुकानात बसून काकांनी बेचाळीस वर्षं लोकांना एकच प्रश्न विचारला, "हे बरं, की हे?" समोरच्याच्या नाकावर तपासणीची ती जड गोल फ्रेम चढवायची, एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं. अर्ध्या शहराचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. माणसाचं नाव आठवलं नाही तरी नंबर आठवायचा. रस्त्यात कुणी भेटलं की आधी त्याच्या चष्म्याची वाकडी काडी सरळ करायची आणि मग ख्यालीखुशाली विचारायची, अशी त्यांची रीत.

आठवड्याचे सहा दिवस असे लोकांच्या डोळ्यांत जात. रविवार मात्र त्यांच्या स्वतःच्या डोळ्याचा. त्या दिवशी पहाटे काका आणि काकू आपापले कॅमेरे घेऊन शहराबाहेरच्या तळ्यावर जात. काकू शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांना वेड डोंगराचं, पाण्याचं आणि आभाळाचं. ट्रायपॉड रोवायचा, रुंद दृश्य घेणारी लेन्स लावायची, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात बघत बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायचं आणि ढग मनासारखा सरकेपर्यंत तासभर उभं राहायचं. काकांना इतका वेळ एका जागी उभं राहणाऱ्या वस्तूत रस नव्हता. त्यांना पक्षी हवे. त्यासाठी त्यांनी हातभर लांबीची एक लेन्स घेतली होती. हलकी मिळत होती, पण पहाटेच्या अपुऱ्या उजेडात हलकी लेन्स काही कामाची नाही, असं म्हणून त्यांनी जड निवडली आणि तेव्हापासून पाठदुखीबद्दल ब्र काढला नाही. काकू तिला तोफ म्हणत. काका काकूंच्या लेन्सवर चढवायच्या गोल फिल्टरांना बरण्यांची झाकणं म्हणत. संसार असा बरोबरीत चालला होता.

भांडण फक्त वजनावरून व्हायचं. मग काकांनीच एक नियम काढला. शनिवारी संध्याकाळी सगळं सामान जेवणाच्या टेबलावर मांडायचं आणि जी वस्तू लागोपाठ तीन रविवार नेऊन वापरली गेली नसेल ती कपाटात जाणार, कायमची. हा नियम काढताना त्यांचा डोळा झाकणांवर होता, हे काकूंना समजत होतं. त्या हूं की चूं न करता दर रविवारी प्रत्येक झाकण एकदा तरी लावून बघत.

आणि मग काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. त्यांचा डावा डोळा लहानपणापासूनच आळशी, सगळा कारभार उजव्यावर. त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी त्यांचं धाबं दणाणलं होतं. पण झालं ते इतकं छान झालं, की पट्टी निघाल्यावर ते वळणावरून येणाऱ्या बसचा नंबर मोठ्यांदा वाचून दाखवायला लागले. लहानपणापासूनचा लांबचा चष्मा सुटला. जवळचं वाचायला तेवढा एक साधा चष्मा लागणार होता. डॉक्टरांनी पाच आठवडे वजन उचलायला बंदी केली. ते रविवार मोजायचे नाहीत, असं काकूंनी उदार मनानं जाहीर केलं.

सहाव्या आठवड्यात काका तळ्यावर गेले. पलीकडच्या उभ्या काठात खंड्याचं बीळ होतं, आत पिल्लं होती आणि नर-मादी दिवसभर मासे आणत होते. खंड्या मासा घेऊन पाण्यातून बाहेर पडतो तो क्षण काका बारा वर्षं पकडू बघत होते. त्यांनी कठड्यावर धान्य भरलेली उशी ठेवली, तिच्यावर तोफ टेकवली, उजवा डोळा लावला. समोर सगळं धुकं. कॅमेरा टिक करून फोकस झाल्याचं सांगत होता, पण फांदी कुठली आणि पाणी कुठलं हेसुद्धा कळत नव्हतं. त्यांनी दुसरी लेन्स लावली. तेच. दोन्ही लेन्सा एकदम बिघडणार नाहीत, म्हणजे बिघाड डोळ्यात.

"मिळाला का काही?" काकूंनी विचारलं.

"उजेड नाही," काका म्हणाले. ऊन चांगलं लख्ख पडलं होतं.

सोमवारी दुकान उघडल्याबरोबर त्यांनी स्वतःला तक्त्यासमोर उभं केलं. शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं त्यांनी धडाधड वाचली. पण त्याचा काय उपयोग? बेचाळीस वर्षांत तो तक्ता त्यांना इतका पाठ झाला होता, की डोळे मिटूनही त्यांनी वाचला असता. लांबचं स्वच्छ दिसतंय हेही त्यांना खरं वाटेना. दिसत नसताना दिसतं म्हणणारी माणसं त्यांनी आयुष्यभर बघितली होती, आता आपणही त्यातलेच, असं त्यांनी ठरवून टाकलं. डॉक्टरांकडे जावं, तर ते काय सांगतील याची भीती. काका मूग गिळून बसले.

दुसऱ्या रविवारीही त्यांनी बटण दाबलं नाही. जे आपल्याला दिसत नाही त्याचा फोटो काढायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. ते नुसते कॅमेऱ्यामागे बसून राहिले आणि खंड्या त्यांच्यासमोर सात वेळा पाण्यात बुडी मारून गेला. नुसत्या डोळ्यांनी त्याचा निळा रंग दिसे, पण कॅमेऱ्यात तोंड घातलं की सगळं संपायचं.

तिसऱ्या शनिवारी टेबलावर सामान मांडलं तेव्हा काका म्हणाले, "उद्या झालं की तोफ कपाटात टाकू. नियम म्हणजे नियम."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस स्वतःचा नियम स्वतःहून पाळतोय म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग उद्या मला द्या ती थोडा वेळ. पलीकडचे डोंगर लांबच्या लेन्समधून एकावर एक रचल्यासारखे दिसतात म्हणे. जायच्या आधी वापरून तरी बघते."

तिसऱ्या रविवारी काकांनी डोळासुद्धा लावला नाही. उशीवर तोफ ठेवून ते बाजूला झाले. खंड्याची पिल्लं बिळाच्या तोंडाशी यायला लागली होती. आता आठवड्याभरात उडून जातील आणि मग पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. पुढच्या वर्षी आपण इथे कशाला येणार, असं काकांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

काकू कॅमेऱ्यापाशी वाकल्या. त्यांचा चष्मा डोळा लावायच्या खिडकीच्या रबरावर खटकन आपटला. पुन्हा वाकल्या, पुन्हा आपटला. "तुम्ही कसे हो यात बघता?" असं पुटपुटत त्यांनी चष्मा काढून डोक्यावर सरकवला आणि उघडा डोळा लावला.

"अगंबाई, काय स्वच्छ दिसतंय. पार त्या शेवटच्या डोंगरावरचं झाडसुद्धा."

"फोकस झालाय म्हणून," काका थंडपणे म्हणाले. मग थबकले. "चष्मा कुठाय तुझा?"

"हा काय, डोक्यावर."

"चष्म्याशिवाय दिसतंय?"

"स्वच्छ."

काका कठड्यावरून उठले. बायकोचा नंबर उणे तीन. तिचे सगळे चष्मे त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेले. उणे तीनवाल्या माणसाला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतंय, म्हणजे ते तीन कॅमेऱ्यात बसलेत. आणि ते तिथे बसवले कुणी? बारा वर्षांपूर्वी कॅमेरा आणला त्या दिवशी त्यांनीच डोळा लावायच्या जागेशेजारची छोटी चकती फिरवून आपल्या तेव्हाच्या नंबरावर, उणे तीनवर, आणली होती, चष्मा मध्ये येऊ नये म्हणून. चुकून हलू नये म्हणून वर काळी चिकटपट्टीही लावली होती. अख्ख्या शहराचे नंबर बदलणाऱ्या माणसानं स्वतःचा नंबर बदलल्यावर कॅमेऱ्याचा बदलला नव्हता.

त्यांनी कपाळावर हात मारला आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. दोन आठवड्यांची भीती, तक्ता, सगळं. काकू हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "दोन आठवडे एकटेच घाबरत बसलात?" असं म्हणाल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग नखानं ती चिकटपट्टी सोलून काढली.

"बसा. डोळा लावा."

काका बसले. काकूंनी चकती एक घर फिरवली.

"हे बरं, की हे?"

"हे."

"आणि आता?"

"आता आणखी बरं. थांब. नाही, आधीचं."

"घाई नको. नीट बघून सांगा. आपल्याकडे भरपूर वेळ आहे." हे काकांचं दुकानातलं वाक्य होतं, सुरासकट.

आणि एका घरावर धुकं गेलं. पलीकडची फांदी, फांदीवरचं शेवाळ, शेवाळावरून चाललेली एक मुंगी. ती मुंगी कुठे चालली होती देव जाणे, पण काका तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांना इतका आनंद झाला, की काही क्षण पुन्हा सगळं अंधुक दिसायला लागलं. या वेळी मात्र त्यांनी डोळ्याला दोष दिला नाही.

खंड्या आला तेव्हा ते तयार होते. तो फांदीवर बसला, मान वाकडी केली आणि सूर मारला. काकांनी बटण दाबून धरलं. मग खिशातला वाचायचा चष्मा चढवून एकेक फोटो बघितला. बऱ्याच फोटोंत नुसतं पाणी, एकात नुसती शेपूट, आणि एकात तो होता, चोचीत मासा, अंगावरून ओघळणारं पाणी, पंख पूर्ण उघडलेले.

"एक पंख फोटोच्या कडेला कापला गेलाय," काकू म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले. बारा वर्षांत ते पहिल्यांदाच कशाला तरी असू दे म्हणाले होते.

"बरं, आता उठा. माझा डोंगर राहिलाय, आणि ऊन वर येतंय."

काका उठले. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी चकती फिरवली, घरं बोटानंच मोजत, आत न बघता.

"मला नाही विचारायचं, हे बरं की हे?"

"तुझं काय विचारायचं?"

काकूंनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला आणि डोळा लावला. डोंगराची धार लख्ख दिसत होती. काकांनी खिशातून मऊ फडकं काढून चष्म्याच्या काचा पुसल्या, मग सवयीनं दोन्ही काड्या तपासल्या. डावी जराशी वाकली होती, ती त्यांनी सरळ केली.