त्या गुरुवारचा आकडा

मी चाकणच्या एका कारखान्यातला जुना सर्व्हर बोलतोय. सध्या कॅन्टीनमागच्या भंगारात पडलोय, पण जीभ शाबूत आहे. ऐकायचं तर ऐका, नाही तर चालू लागा.

नऊ वर्षं त्या गार खोलीत उभा होतो. माझ्या पोटात पंधरा मशिनं राहायची. लोखंडाची नव्हेत, नुसती कामापुरती मानलेली. एक गेटवरचे अंगठे घ्यायचं, एक खोक्यांची लेबलं छापायचं, एक लाइनवर पुढचा पार्ट कुठला ते सांगायचं. शेजारच्या कुरुळी गावात चाळीचाळीत भाडेकरू भरलेत ना, तसे हे माझे भाडेकरू. भांडायचे, कुरकुरायचे, पण एकालाही मी बाहेर काढलं नाही.

मग निरंजन आला. कॉम्प्युटर खात्याचा नवा साहेब, रावेतला राहणारा. त्यानं माझ्याशेजारी एक नवा सर्व्हर उभा केला आणि एक प्रोग्रॅम आणला. हा प्रोग्रॅम मागचे आकडे बघून पुढचा भार आधीच ओळखायचा. काम कमी असणार असं वाटलं की माझे भाडेकरू उचलून नव्याच्या पोटात घालायचा नि मला झोपवायचा. वाढणार वाटलं की उठवायचा.

"हे डबडं दिवाळीपर्यंत," निरंजन माझ्या अंगावर चहाचा कप ठेवून म्हणाला. "मग भंगारात."

नऊ वर्षांत माझ्यावर कुणी कप ठेवला नव्हता. तो गोल डाग अजून आहे. तेव्हाच ठरवलं, ह्याला सोडायचा नाही.

आमच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी. त्या आठवड्यात कुरुळीची जत्रा सोमवारी आली. कामगारांनी सोमवारची सुट्टी मागून घेतली, बदल्यात गुरुवारी यायचं कबूल केलं. गेटवर तसा कागद चिकटवला. माणसांनी वाचला. प्रोग्रॅमला कोण वाचून दाखवणार?

मारुतराव वायरमन कुरुळीचेच. बुधवारी ते सांगायला आले.

"सायेब, उद्या सुट्टी न्हाई बरं का. तुमच्या त्या हुशाराला सांगून ठिवा."

"मारुतराव, सहा महिन्यांचे आकडे खाल्लेत त्यानं. तुम्ही ट्यूबलाइट बघा."

"आकडं खाल्लं असतील. जत्रंचं जेवान न्हाई खाल्लं," म्हणत मारुतराव गेले.

गुरुवारी प्रोग्रॅमला वाटलं, सुट्टी. सगळे भाडेकरू नव्याच्या पोटात कोंबले नि मला झोपवलं. सकाळी सातला चारशे माणसं गेटवर अंगठा टेकवायला उभी राहिली आणि नव्याचा दम कोंडला. अंगठे अडकले, लेबलं थांबली, लाइन बंद. मग मला हाक आली.

मला उठायला बारा मिनिटं लागतात. पंखे फिरवायचे, मेमरीच्या पट्ट्या एकेक मोजायच्या. एरवी त्याची लाज वाटायची. त्या दिवशी पट्टी न् पट्टी दोनदा मोजली. गेटवरच्या माणसांचं वाईट वाटलं, निरंजनचं अजिबात नाही. घामाघूम होऊन तो माझ्यासमोर हात जोडून उभा. "ऊठ रे बाबा, ऊठ!"

डबड्याला बाबा म्हणायला लावलं मी.

लाइन पाऊण तास बंद राहिली. ह्या गड्यानं अहवालात काय लिहिलं? 'जुना सर्व्हर उशिरा उठला.' जत्रेचा शब्दसुद्धा नाही. शनिवारी मला खोलून बाहेर काढलं, माझ्या जागी दुसरा नवा बसवला. माझा सूड त्याच्याच कामी आला म्हणून महिनाभर मी जळत होतो.

परवा मारुतराव तंबाखू मळत शेजारी टेकले.

"मर्दा, तुझ्या सायबाची गंमत ऐक. घाबरून त्यानं प्रोग्रॅमला सांगितलंय, त्या गुरुवाराला सगळ्यात जास्त मान दे. आता दर गुरुवारी कारखाना बंद, आत कुत्रं न्हाई, आन् त्यो प्रोग्रॅम सातला दोन्ही नवे सर्व्हर उठवून बसतोय. सायबाच्या फोनवर घंटी वाजतीया, भार आला, भार आला! सुट्टीची झोप गेली त्याची."

असं पाहिजे. दर आठवड्याला ताजं.

उद्या भंगाराची गाडी येईल. मला फोडा, वितळवा, काही म्हणणं नाही. फक्त एवढं करा, त्या गुरुवारचा आकडा कुणी पुसू नका.