तिसऱ्या मुद्द्यातला फॉल्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बापाने पालकसभेसाठी इस्त्रीचा शर्ट घातला, तो लेकीचा एक तास बंद पाडायला. शाळेत सातवीला व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व असा एक तास होता. बाई म्हणत, ही फार जुनी विद्या आहे. बापाच्या धंद्यात जुनं दिसलं की बदलतात.

शिवाय त्या तासाचा नियम घरात शिरला होता. समोरच्याचं म्हणणं आधी असं मांडायचं की त्यानेच ‘हो, हेच’ म्हणावं. मगच विरोध करायचा. त्यामुळे घरातलं साधं भांडणही तासभर चाले. आई परवा हरली आणि वर कौतुकाने हसली, हे बापाला जास्त लागलं.

सभेत मुख्याध्यापक म्हणाले, “हा तास काढून संगणक ठेवायचा का, ते हात वर करून सांगा.” बाईंनी एवढंच मागितलं, की विरोधकांची बाजू आधी वर्गातल्या कुणीतरी मांडावी. मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर निघाली ती नेमकी लेकीची.

“बाबा, तुमचंच म्हणणं मांडते. चुकलं तर थांबवा.”

“बोला वकीलबाई!”

“वेळ थोडा आहे. नोकरी हातातल्या कामावर मिळते, बोलण्यावर नाही. आणि तिसरं, बाबा हे काही शिकले नाहीत, तरी त्यांच्यापुढे एकही लिफ्ट बंद राहिलेली नाही. मग मला कशाला हवं? हेच ना?”

बापाची छाती फुगली. त्याचं म्हणणं इतकं स्वच्छ खुद्द त्यालाही कधी मांडता आलं नव्हतं. पण वायरिंगचा नकाशा समोर आला की बोट वरून खाली फिरवायची त्याला सवय. बोट तिसऱ्यावर अडलं. लिफ्ट अडकली की तो काय करायचा? नेमकं काय झालं ते विचारायचं, एकेक कारण खोडायचं, मग घाबरलेल्या लोकांना सोप्या शब्दांत सांगायचं.

“थांब,” तो उभा राहिला. “तिसऱ्यात फॉल्ट आहे.”

“कुठे, बाबा?”

“मी हेच शिकलोय. अकरा वर्षं, उस्तादाच्या शिव्या खात. तुला बाई शिव्यांशिवाय शिकवतायत.” मग तो मुख्याध्यापकांकडे वळला. “माझा हात खाली.”

मागच्या बाकांवरचे वर येऊ लागलेले हातही खाली गेले. तास राहिला.

पुढच्या आठवड्यात सात इमारतींतल्या लोकांना ही हकीकत ऐकावी लागली, तीही लिफ्ट सुरू होण्याआधी. सुरू झाल्यावर कुणी थांबत नाही, हा त्याचा स्वतःचा तर्क.