वीस बाय चारची काच

ताई काचवाल्याच्या दुकानात पहिल्यांदा काच मागायला आली, तेव्हा तिच्या हातात मापाचा कागद होता. लांबी वीस सेंटीमीटर, रुंदी चार, जाडी तीन मिलीमीटर.

"कशाला हवी?" त्याने विचारलं.

"कपाटाला."

"एवढीशी? कपाट आहे का काडेपेटी?"

"मुकाट्याने काप. मोठ्या बहिणीची उलटतपासणी घेतोय."

त्याने कापली आणि कडा घासल्या. एवढ्याशा पट्टीच्या कडा कोणी घासत बसत नाही. पण लहानपणी त्याच्या हातातल्या फुटक्या काचेने ताईचा अंगठा चिरला होता. तेव्हापासून तिला द्यायची काच तो घासल्याशिवाय देत नसे.

ताईचं घर टेकडीखालच्या वस्तीत, वरच्या ओळीत. घरांमागे संरक्षक भिंत आणि भिंतीला उभी भेग. पाहणी खात्याच्या निरीक्षकाने दोन वर्षांपूर्वी त्या भेगेवर एक काचपट्टी आडवी धरून दोन्ही टोकांना सिमेंट थापलं होतं. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. तडकली की खात्याला फोन करायचा आणि घरं रिकामी करायची. खालच्या ओळीमागच्या भिंतीवरही अशीच एक पट्टी होती. वरची पट्टी ताईच्या मोरीमागे आली, म्हणून तिच्यावर नजर ठेवण्याचं काम ताईच्या गळ्यात पडलं.

पट्टी पहिल्यांदा तडकली तेव्हा ताईने तासाभरात फोन केला. अकरा कुटुंबं चार दिवस शाळेच्या सभागृहात राहिली. टेकडी जागची हलली नाही. तेवढ्यात एका घरातला टीव्ही चोरीला गेला, एका मुलीची परीक्षा बुडाली आणि गार फरशीवर झोपून ताईच्या सासऱ्यांना खोकला जडला. निरीक्षकाने नवी पट्टी लावली, लोक परतले आणि ताईचं नाव भोंगाबाई पडलं.

"काय भोंगाबाई, आज स्वयंपाक करू का बोचकं बांधू?" शेजारीण रोज नळावर विचारायची. ताईचा नवराही हसायचा. सासरे हसत नसत. ते म्हणत, "पुन्हा त्या फरशीवर नेलंस, तर तिथून चौघांच्या खांद्यावरच येईन."

निरीक्षक दर महिन्याला येई, पट्टी बघे, वहीत 'अखंड' लिही, चहा पिऊन जाई. भेगेची रुंदी मोजायचं साधन त्याच्या पिशवीत असे. पण छापील नमुन्यात रुंदीचा रकाना नव्हता, म्हणून ते पिशवीतच राही.

ताई तिसऱ्यांदा काच मागायला आली, तेव्हा काचवाल्याने कटर खाली ठेवला.

"ताई, ही कपाटाची नाही. भिंतीची आहे."

ती म्हणाली, "काच उन्हानेही तडकते."

"उन्हाने तडकली असेल तर तसं ते सांगतील. फोन कर."

"केला होता ना एकदा! तुला नाही कोणी भोंगा म्हणत. घरात सासरे, बाहेर सगळी वस्ती. पाऊस लागला की करीन. कोरड्यात दरड येते का कधी?"

त्यालाही येते असं वाटत नव्हतं. त्याने कटर उचलला.

"घासत बसू नकोस रे, घाई आहे," ती म्हणाली. त्याने तरीही घासली. सात महिन्यांत अशा पाच पट्ट्या गेल्या.

दरड कोरड्यातच आली, सकाळी सव्वाअकराला. पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता. पाच घरं गेली, नऊ माणसं गेली. त्यात ताई आणि तिचे सासरे होते. तिचा नवरा कामावर होता, तो वाचला.

खालच्या ओळीला शाळेत हलवलं आणि चौकशी बसली. खात्याचं म्हणणं सरळ होतं. आदल्या आठवड्यापर्यंत पट्टी अखंड होती, म्हणजे भिंत सरकत नव्हती, म्हणजे दरड अचानक आली. खालची पट्टीही अखंड होती, तेव्हा त्या लोकांना घरी सोडायला हरकत नव्हती. ढिगाऱ्यातून सिमेंटसकट निघालेली वरची पट्टी पुरावा म्हणून टेबलावर ठेवली होती.

ताईच्या नवऱ्याने काचवाल्याला चौकशीच्या खोलीच्या दाराबाहेर गाठलं. "तू काही बोलू नकोस. ती गेली. निदान नाव तरी राहू दे तिचं."

"भावजी, खाली चौदा घरं आहेत."

तो आत जाऊन बोलला. "साहेब, कडेवरून बोट फिरवा. खात्याची काच घासलेली नसते. ही मी घासली आहे. अशा पाच दिल्या मी बहिणीला. म्हणजे भिंत पाच वेळा सरकली. खालची भिंत मोजा. नुसती काच बघून लोकांना परत पाठवू नका."

अधिकाऱ्याने बोट फिरवलं आणि मान हलवली. लेखनिकाने सगळं टिपून घेतलं.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. 'एका रहिवासी महिलेने पट्टी परस्पर बदलल्याने वेळेवर इशारा मिळू शकला नाही.' खालची भिंत मोजण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. खात्याचा जीव भांड्यात पडला, खालच्या ओळीचाही. शाळेच्या सभागृहात अहवाल मोठ्याने वाचला गेला. वाचणारा म्हणाला, "म्हणजे टेकडीचा दोष नव्हता, बाईचा होता. आपल्या काचेला कोण हात लावतंय?" दोन दिवसांत चौदा घरांत सामान परत लागलं.

भावजींनी फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "तिला दुसऱ्यांदा मारलंस," आणि बोलणं तोडलं.

पुढच्या महिन्यात खालच्या ओळीतली एक बाई दुकानात आली. तिने कागद पुढे केला. वीस बाय चार, जाडी तीन.

"कुठे लावायची?" काचवाल्याने विचारलं.

"कपाटाला."

त्याने कागद तिच्यापुढे परत सरकवला. "बाई, मी कोण ते माहीत आहे ना? आत्ता फोन करा. नाहीतर मी करतो."

"करा की. तुम्हाला सवयच आहे घरच्या बाईची चहाडी करायची." तिने कागदाची घडी घातली. "चौकात दुसरं दुकान आहे."

त्याने तिच्यादेखत खात्याला फोन लावला. पलीकडून कारकुनाने शांतपणे विचारलं, "पट्टी तुटलेली तुम्ही स्वतः पाहिली आहे का?"

तो उत्तर देईपर्यंत बाई चौकाकडे निघून गेली होती.