पाकीट नंबर चारशे सतरा

सिंधुताईंनी फ्रेम काउंटरवर आपटली, तेव्हा शुभम स्क्रीनवर कुण्या आजोबांची अर्धी पुसलेली मिशी भरत होता. मिशी तशीच अर्धी राहिली.

"हे कोण होय?"

"काकू, काच फुटेल."

"फुटू दे. मी विचारून राहिली, हे कोण होय?"

शुभमने फ्रेम सरळ केली. आत काळ्या कोटातला, टाय बांधलेला, गुळगुळीत चेहऱ्याचा एक गोरापान माणूस छातीपर्यंत दिसत होता. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, कै. पुंडलिकराव.

"काकाजी आहेत ना. धर्मेंद्र भैयानं ऑर्डर दिली होती, मोनालीच्या शादीत मांडवाजवळ ठेवायला."

"कोणाचा काकाजी? बत्तीस वर्षं नांदली मी त्या माणसाजवळ. मले ओळखू नाई येऊन राहिला."

रागाला कारण होतं. मुलीचं, मोनालीचं लग्न परवावर आलेलं, नवरदेवाचे वडील रायपूरला बँकेत मॅनेजर. साखरपुड्यापासून मुलाच्या, धर्मेंद्रच्या तोंडून बापाची पोलाद कारखान्यातली भट्टीच नाहीशी झाली होती. "बाबा प्लांटमध्ये होते," एवढंच तो पाहुण्यांना सांगे आणि पुढचं पाहुण्यांच्या कल्पनेवर सोडून देई. आज सकाळी ही फ्रेम घरी आणून वर म्हणाला, "आई, पाहा, बाबा कसे अफसर दिसून राहिले." सिंधुताईंनी हातातली परात तिथेच टाकली, फ्रेम पिशवीत कोंबली आणि वैशाली नगरहून ऑटो करून थेट सुपेल्याच्या बाजारातलं हे फोटोचं दुकान गाठलं. वाटेत ऑटोवाल्यालाही त्यांनी दोनदा झापलं. त्याचा काहीच गुन्हा नव्हता.

"त्याइच्या कपाळावर रेघ होती," त्या म्हणाल्या. "हेल्मेटची. वरतं गोरं, खालतं काळं."

चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखं ते कपाळ होतं. भट्टीच्या आचेनं भुवयांपर्यंतचा चेहरा भाजून निघालेला आणि हेल्मेटखालचा भाग लहान पोराच्या अंगासारखा कोवळा. लग्नानंतर वर्षभरात ती रेघ उमटली. अंघोळीनं गेली नाही, निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत गेली नाही, तिरडीवरही होती. आणि ह्या पोट्ट्यानं ती एका दुपारात घालवली.

"ते माझ्याकडून चुकलं," शुभम म्हणाला. "नेगेटिव्हवर बुरशी चढली होती. मला वाटलं, रेघ पण त्यातलीच आहे. साफ करून टाकली. भैया पण म्हणत होते, चेहरा जरा उजळ करा."

"आणि कोट? मेलेल्या माणसाले कपडे बदलवतानी तुया हाताले काहीच वाटलं नाई? नवरदेवाकडच्याइले लाज वाटंल म्हणून!"

"कोट मी नाही चढवला, काकू. कसम से."

"मंग का त्याइनंच घातला?"

"हो."

 सिंधुताईंनी पदर कमरेला आणखी घट्ट खोचला. ह्या पोरालाही आता सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

शुभम आत गेला आणि बिस्किटाचा एक गंजका पत्र्याचा डबा घेऊन आला. हे दुकान त्याच्या वडिलांचं, तेजरामजींचं. त्यांनी काढलेला प्रत्येक फोटो नंबर घालून असल्या डब्यांत ठेवलेला होता.

"भैयाला काकाजींच्या पेटीत आमच्या दुकानाची जुनी पावती मिळाली. चारशे सतरा नंबर. फोटो घ्यायला कोणी आलंच नव्हतं. मी पाकीट शोधलं, नेगेटिव्ह स्कॅन केलं. भैयाला फक्त चेहरा पाहिजे होता, म्हणून वरचा भाग कापून घेतला. पूर्ण फोटो असा आहे."

त्यानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सिंधुताईंनी चष्मा लावला.

पुंडलिकराव उभे होते. चौतीस वर्षांचे, मागे रंगवलेला बगिचा. कोट दुकानाचाच, खुंटीवर टांगलेला असायचा, येईल त्याच्या अंगावर चढायचा. पुंडलिकरावांच्या अंगात तो बेतानंच शिरला होता, मनगटं बाहेर आली होती. कोटाखाली प्लांटचे जाड सेफ्टी बूट होते. कपाळावर बुरशीच्या ठिपक्यांतूनही रेघ स्पष्ट दिसत होती. उजवा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर होता आणि खुर्ची रिकामी होती.

शुभमनं पिवळं पडलेलं पाकीट पुढे सरकवलं. त्यावर तेजरामजींच्या अक्षरात लिहिलं होतं: बारा मे चौऱ्याण्णव. पुंडलिक. बाई उद्या येणार. दोघांचा जोडून देणे.

"बाबा असं करायचे," शुभम म्हणाला. "नवरा ड्यूटीवरून येणार, बायको दुसऱ्या दिवशी. दोघांचे वेगळे फोटो काढून एकात जोडायचे. जोड कुठं दिसायचा नाही."

सिंधुताईंनी तारीख पुन्हा वाचली. अकरा मेला त्यांच्या धाकट्या भावाचं तुमसरला लग्न होतं. ह्या माणसानं सुट्टीचा अर्जच केला नव्हता. विसरले, म्हणाले. सख्ख्या भावाच्या अक्षता सिंधुताईंच्या हातून पडल्या नाहीत. त्या रागात त्यांनी दोन दिवस नवऱ्याला ताट वाढलं, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून ते म्हणाले होते, चाल, सुपेल्यात जाऊन फोटो काढू. आणि त्या म्हणाल्या होत्या, काढा तुमीच एकटे.

गेले होते. काढला होता. आणि पुढची सगळी वर्षं त्याच घरात, त्याच ताटावर बसून एका शब्दानं बोलले नव्हते.

"सांगितलं कावून नाई मले?" त्यांनी स्क्रीनकडे पाहून विचारलं. आवाज खालीच उतरेना. "पावती जपून ठेवता येते, बोलता येत नाई? अजून एक बार म्हटलं असतं का चाल, तं आली नसती का मी?"

आल्या असत्या का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. राग आता खऱ्या माणसापर्यंत पोचला होता आणि तो माणूस भांडायला उरला नव्हता. शुभम कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला.

"ते रेघ परत आण," त्या म्हणाल्या.

"आणतो."

"आणि पुरा फोटो पाहिजे. बुटं बी दिसले पाहिजे."

"भैया गुस्सा होतील."

"होऊ दे. त्याले मी पाहाते."

"पण पूर्ण घेतला तर खुर्ची रिकामी दिसेल, काकू. मांडवात बरं नाही दिसणार. काढून टाकू? पाच मिनिटांचं काम आहे."

"खुर्चीले हात लावून तं पाहाय!"

शुभमनं माउसवरचा हात उचलला. सिंधुताईंनी दुकानभर नजर फिरवली. कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोच्या पांढऱ्या पडद्याशेजारी, नक्षीच्या पाठीची एक लाकडी खुर्ची होती. तिच्यावर प्रिंटरचा रिकामा खोका ठेवलेला होता.

"तेच होय ना?"

"तीच."

त्यांनी स्वतःच जाऊन खोका उतरवला, पदरानं खुर्ची पुसली आणि बसल्या.

"लाव तुया लाइट."

"आत्ता? घरून चांगली साडी तरी..."

"हेच."

शुभमनं लाइट लावले, कॅमेरा उचलला. "काकाजी यात तरणे आहेत. तुमचे केस काळे करून देऊ नंतर?"

"नको. उशीर झाला, तं दिसू दे उशीर."

"थोडं स्माइल..."

"नाई. त्या दिवशी मी रागातच होती. तशीच काढ."

त्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. त्या ताठ, खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या.

"काकू, पाठ टेकवून आरामात बसा."

सिंधुताई टेकल्या नाहीत.

"तिथं त्याइचा हात हाये," त्या म्हणाल्या.